कुरडयांचं ऊन

भाईंदरला राहायला आल्यावर कितीतरी दिवस आई स्वयंपाकघरात शिरली की आधी बटण दाबून दिवा लावायची. सकाळचे दहा वाजलेले असायचे, खिडकीतून ऊन थेट ओट्यावर येऊन पडलेलं असायचं, आणि वर तो पिवळा दिवा असून नसल्यासारखा जळत असायचा. माझे वडील, अण्णा, जाता जाता तो बंद करत आणि म्हणत, "अगं, सूर्याला दिवा कशाला दाखवतेस?" आई ओशाळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची. तिचाही काही दोष नव्हता. परळच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर उघडायची. हात बाहेर काढला की भिंतीला लागायचा. तिथं जागेपणी दिवा कधी बंद नसे. अंधार आमच्या पाचवीलाच पुजलेला होता म्हणा ना. मला चौदा वर्षांची होईपर्यंत माहीतच नव्हतं की घरात बसल्या जागी ऊन अंगावर येऊ शकतं.

आणि इथं तर उन्हाशिवाय दुसरं काही नव्हतंच. भाईंदर पूर्वेला तेव्हा मिठागरांच्या कडेला पाच-सहा बिल्डिंगा नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या, सगळ्या एका साच्यातल्या, तीन मजली, फिक्या पिवळ्या रंगाच्या, नावाच्या पाट्यासुद्धा अजून न लागलेल्या. त्यातल्या तिसरीत दुसऱ्या मजल्यावर आमचा नऊ नंबरचा ब्लॉक. गॅलरीत उभं राहिलं की समोर खाडीपर्यंत मिठागरं. चौकोनी वाफ्यांत पाणी साचवलेलं, मध्ये चिखलाचे बांध, बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी. एकही झाड नाही. सकाळी सूर्य वर आला की त्या पाण्याचा उजेड उलटा आमच्या छतावर यायचा आणि तिथं थरथरत राहायचा. पहिल्यांदा मी तो पाहिला तेव्हा घाबरून आईला हाक मारली होती. नंतर सवय झाली. पण खरं सांगते, तो उजेड मला कधीच आवडला नाही. कुणीतरी खाली पाण्यात चालतंय आणि त्याच्या पावलांनी तो हलतोय असं मला वाटायचं. पुढेही कित्येक वर्षं वाटत राहिलं, मिठागर अर्ध्याहून अधिक बुजल्यावरही.

आई मात्र त्या उन्हावर खूश होती. सांदीकोपऱ्यात वाढलेल्या बाईला अंगण मिळाल्यासारखं झालं होतं तिला. गाद्या, उशा, डाळी, तांदूळ, मसाल्याच्या मिरच्या, लोणच्याच्या बरण्या, अण्णांची जुनी कागदपत्रं, माझी दप्तरं, घरातल्या एकूणएक वस्तूला ती ऊन दाखवायची. "ऊन दाखवलं की वस्तू टिकते," हे तिचं वाक्य. खाऱ्या वाऱ्यानं दोरीवरचे कपडे पापडासारखे कडक व्हायचे, खिडकीच्या गजांना दोन महिन्यांत गंज चढला, नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि तेही मचूळ. पण तिची तक्रार नसे. तिच्या मनात एकच सल होता आणि त्यावर ऊन चालत नव्हतं.

तो सल म्हणजे माझा मोठा भाऊ, विनूदादा. मी आणि तो, आम्ही दोनच. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बारावीला दोनदा आपटला, मग अण्णांनी साहेबाच्या हातापाया पडून स्वतःच्याच कंपनीत, गोदामात त्याला चिकटवून घेतलं. पहिल्या दिवशी अण्णा गेटवर त्याची वाट पाहत उभे राहिले आणि हा गेलाच नाही. कुठे होतास तर म्हणे मित्राबरोबर गाडी चालवायला शिकत होतो. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. वालाची उसळ होती. अण्णा मोठ्यानं कधी बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत. भात कालवता कालवता म्हणाले, "उद्यापासून या ताटावर बसायचं नाही." दादानं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "उद्यापासून कशाला?" उठला, मोरीत हात धुतले आणि चपला घालून गेला. आम्हाला वाटलं, नाक्यापर्यंत जाऊन येईल. आईनं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते तसंच झाकलेलं होतं.

तो गेला याचं आईला दुःख होतंच, पण तो अर्ध्या जेवणावरून उठून गेला हे तिला जास्त लागलं. भरल्या ताटावरून उठलेला माणूस. ही गोष्ट ती कुणालाही सांगायची तेव्हा भांडणाबद्दल काही बोलायची नाही. म्हणायची, "दोन घास पोटात गेले असतील फार तर." अण्णांशी ती त्यानंतर लागेल तेवढंच बोलायची, आणि अण्णा मूग गिळून ऐकून घ्यायचे.

परळची खोली सोडायचं आधीच ठरलं होतं, व्यवहार झाला होता, त्यामुळे दीड महिन्यानं निघावंच लागलं. निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला समोर बसवलं. माझं अक्षर चांगलं. तिनं बारा चिठ्ठ्या लिहायला लावल्या, शेजारच्या शांताकाकूंसाठी, वाण्यासाठी, दूधवाल्यासाठी, दादाच्या मित्रांसाठी. वर नवा पत्ता: भाईंदर पूर्व, मिठागराच्या बाजूची तिसरी बिल्डिंग, दुसरा मजला, ब्लॉक नंबर नऊ. आणि खाली एक ओळ: गॅलरीत आजीची गोधडी असेल. मला त्या ओळीची लाज वाटली. "असं कुणी पत्त्यात लिहितं का?" मी म्हटलं. आई म्हणाली, "सगळ्या बिल्डिंगा सारख्या आहेत. तो नवखा. गोधडी ओळखेल." मी बाराही चिठ्ठ्यांवर ते लिहिलं.

ती गोधडी माझ्या आजीनं तिच्या आणि आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. लाल जमीन, भोवती हिरवे काठ, आणि मधोमध हळदीच्या रंगाचा मोठा चौकोन. दादा लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हापासून ती त्याची. भाईंदरला आल्या दिवसापासून रोज सकाळी आई ती गॅलरीच्या कठड्यावर बाहेरच्या अंगानं पसरायची आणि दिवे लागले की आत घ्यायची. शेजारच्या रमीलाबेननी एकदा विचारलंही, "भाभी, रोज रोज गोदड़ी क्यों सुखाती हो? भीगती है क्या?" आई म्हणाली, "नहीं, ऊन दिखाती हूँ." रमीलाबेननी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, मराठी लोकांची काहीतरी पद्धत.

उन्हाळा सुरू झाला आणि आईनं कुरडया करायचं काढलं. परळला आम्ही कुरडया विकतच आणायचो, वाळवायला जागाच नव्हती. इथं अख्खी गच्ची होती आणि वर ऊन नुसतं ओतलेलं. तीन दिवस गहू भिजले, रोज पाणी बदललं, घरभर तो आंबूस वास. चौथ्या दिवशी आम्ही दोघींनी ते वाटले, पिळले, गाळले, आणि रात्रभर सत्त्व खाली बसू दिलं. पाचव्या दिवशी सकाळी अण्णा ड्यूटीवर गेले आणि आईनं स्टोव्ह गच्चीवर नेला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. रमीलाबेन आणि तळमजल्यावरच्या दोघीजणी मदतीला आणि मजा बघायला आल्या. ज्यांनी कुरडया घातल्या नाहीत त्यांना सांगते, यात सगळा खेळ वेळेचा असतो. उकळत्या पाण्यात ते सत्त्व घालून घोटत राहायचं, पारदर्शक झालं की त्याला म्हणायचं चीक, आणि तो चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून दाबून कुरडया पाडून घ्यायच्या. चीक गार झाला की संपलं. मग तो दाबला जात नाही, तार तुटते, आणि पाच दिवसांची मेहनत मातीत जाते. म्हणून एकदा पातेलं उतरवलं की घाणा संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. दारात कुणी आलं तरी थांबवून ठेवायचं.

पातेलं उतरवल्यावर आईनं आधी एक पळी देवासाठी काढली. मग एका स्टीलच्या वाटीत चीक घेतला, वर दूध आणि साखर घातली, ताटलीनं झाकून टाकीच्या सावलीत ठेवला. गरम चीक दूधसाखर घालून खायचा दादाला फार नाद. आमच्या मावशीकडे कुरडया असल्या की तो सकाळपासून तिथं जाऊन बसायचा. "ये किसके लिए?" रमीलाबेननी विचारलं. "मेरे लड़के का," आई म्हणाली. त्यांना वाटलं, तो खाली घरात असेल.

थोड्या वेळानं सोऱ्याला लावायचं तेल संपलं. आईनं मला घरी पिटाळलं. मी जिना उतरून आले तर आमच्या दारात दादा उभा होता.

मी त्याला लगेच ओळखलंच नाही. वाळला होता, दाढी वाढली होती, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पायांवर मीठ वाळून पांढरं झालेलं. ओठ फुटले होते. मला बघून हसला तेव्हा ओळखलं.

"कुंदे," तो म्हणाला, "गोधडीवरून ओळखलं बघ घर. नाहीतर शोधत बसलो असतो."

तो म्हणाला, "अण्णा?"

"ड्यूटीवर."

"आणि आई?"

"गच्चीवर. कुरडया घालतेय."

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "चीक केलाय?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मी दार उघडलं तरी तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. "आत नको," म्हणाला. "पाणी दे." मी तांब्या आणि पेला दिला. तो वरून, तोंड न लावता, दोन पेले प्यायला.

"मी ट्रकवर आहे सध्या," तो म्हणाला. "क्लीनर. मीठ भरायला आलोय, ते बघ." जिन्याच्या खिडकीतून बांधावर उभा असलेला ट्रक दिसत होता. मिठागरातल्या बायका डोक्यावरच्या टोपल्या त्यात रिकाम्या करत होत्या. "गाडी भरेपर्यंत वेळ आहे. भरली की निघावं लागतं, ड्रायव्हर थांबत नाही कुणासाठी. वर बायका असतील, मी असा अवतार... तू आईला खाली बोलाव. मी बिल्डिंगच्या मागे सावलीत थांबतो." चार पायऱ्या उतरून तो परत वळला. "लवकर हां."

मी तेलाची वाटी घेतली आणि पळत गच्चीवर गेले. इथपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं.

वर गेले तर आई हसत होती. रमीलाबेनच्या हातात सोऱ्या होता आणि त्यांची कुरडई वेडीवाकडी, गुंतवळ्यासारखी पडली होती. आई तिच्या त्या हिंदीत म्हणत होती, "रमीलाबेन, ये कुरडई है, जलेबी नहीं. इसको पाक में नहीं डालने का." आणि सगळ्या जणी हसत होत्या. आईचे हात चिकानं भरलेले, म्हणून ती दंडानं डोळे पुसत होती. दादा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरात कुणीच हसलं नव्हतं. मी तेल खाली ठेवलं आणि उभी राहिले. मला ते हसणं थोडा वेळ हवं होतं.

"उभी काय, हात चालव," आई म्हणाली. "चीक गार होतोय." मी बसले आणि प्लॅस्टिकच्या कागदाला तेल लावू लागले. पातेलं अर्धं व्हायचं होतं. गच्चीच्या कठड्यापलीकडे बांधावरची रास दिसत होती आणि ती पातेल्याहून पुष्कळ मोठी होती. मी मनात हिशेब केला, पातेलं आधी संपेल. आता सांगितलं तर आई चीक टाकून धावणार, आणि पाच दिवसांचं सगळं वाया. संपला की सांगू. आणि याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती आज लिहून टाकते. मला वाटलं, थांबू दे त्याला थोडं. आम्ही सहा महिने थांबलोय. तो गेल्यापासून आईनं माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं, माझा वाढदिवस विसरली होती, आणि आज ती मला शेजारी घेऊन, माझ्या हातात सोऱ्या देऊन, "छान पडतेय हां तुझी," असं म्हणत होती. तो आला आहे म्हटल्याबरोबर हे सगळं त्याचं होणार होतं. मी चौदा वर्षांची होते. हे कारण म्हणून सांगत नाही, नुसतं सांगते.

ऊन डोक्यावर चढत होतं. कुरडयांच्या ओळी वाढत होत्या. मी मधूनमधून बांधाकडे बघत होते. बायका ओळीनं फळीवरून चढत होत्या, टोपली रिकामी करून उतरत होत्या. एकदा वाटलं, रास जरा पटकन उतरतेय. तेव्हा पातेल्यात चार-पाच कुरडयांपुरता चीक राहिला होता. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "एवढ्या पाड आणि मग आपण सगळ्या चहा घेऊ." मी म्हटलं, एवढ्या पाडते.

मग ट्रकचा हॉर्न वाजला. तीनदा, लांब लांब.

"कोण एवढं बोंबलतंय?" आई म्हणाली. रमीलाबेन म्हणाल्या, "नमक की गाड़ी है, किसी को बुला रहा होगा." आई उठली, कंबर धरून कठड्यापाशी गेली, आणि कपाळावर हात धरून उन्हात बघायला लागली. मी तिच्या शेजारी गेले. खाली बिल्डिंगच्या सावलीतून निघालेला एक माणूस बांधावरून ट्रकच्या दिशेनं पळत होता. मध्येच थांबला, मागे वळून बिल्डिंगकडे बघितलं. परत हॉर्न वाजला, परत पळाला.

"गाडी चुकेल बिचाऱ्याची," आई म्हणाली. आणि तो मागून लटकून चढला तेव्हा म्हणाली, "मिळाली बाई."

मी कठड्याला धरून ट्रककडे बघत राहिले. ट्रक पांढरी धूळ उडवत घोडबंदरच्या रस्त्याकडे गेला. आई परत येऊन बसली, पातेल्याच्या कडेचा चीक खरवडून तिनं शेवटची कुरडई पाडली, ती तुटली. मग तिला टाकीच्या सावलीतली वाटी आठवली. ताटली काढून तिनं बोट लावून पाहिलं. "गार झाला," म्हणाली. "घे, तूच खा." तिच्यासमोर मला तो खावा लागला. खरवसासारखा घट्ट झाला होता. गोड होता.

संध्याकाळी सांगू म्हटलं, तर संध्याकाळी ती दमून लवकर झोपली. उद्या सांगू म्हटलं. मग वाटलं, ट्रक परत येईल, तेव्हा मी त्याला हाताला धरून वरच आणीन आणि कुणाला काही कळायचंच नाही. चार दिवसांनी मी बांधावरून चालत मिठागरात गेले. हिरीबाई म्हणून एक आगरी म्हातारी तिथं टोपल्या उचलायची, आमच्याकडे मीठ विकायला यायची म्हणून ओळखीची. मी तिला तो ट्रक पुन्हा कधी येणार विचारलं.

"कंची, मंगलवारची गारी?" ती म्हणाली. "ती आता येवाची न्हाय. त्या धन्याचं मीठ सरलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुजं कोन हाय का गं त्या गारीवर?"

मी नाही म्हणाले. गच्चीवर सांगितलं नाही ते एकदा, हे दुसऱ्यांदा.

पुढच्या शिमग्यानंतर अण्णा परळला गेले तेव्हा शांताकाकूंनी त्यांना सांगितलं की विनू वर्षापूर्वी येऊन चिठ्ठी घेऊन गेला. अण्णांनी घरी येऊन ते सांगितलं आणि त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. म्हणजे त्याच्याकडे पत्ता होता आणि तरी तो आला नव्हता. आईनं त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला. गोधडी उजेडात धरून म्हणाली, "रंग उडालाय हिचा. त्याला ओळखू आली नसेल." त्यानंतर ती दर सणाला नवा दोरा घालून काठ टिपायची. पण ऊन रंग खातंच. आधी लाल गेला, मग हिरवा, हळदी चौकोन सगळ्यात शेवटी. अण्णांनी वेगळा अर्थ लावला. त्यांनी एकदाच सांगितला, पुष्कळ वर्षांनी, आजारपणात: "त्याला यायचंच नव्हतं गं. यायचं असतं तर आला असता." मी त्यांच्या उशाशी बसले होते. तेव्हाही मी सांगितलं नाही. ते तसेच गेले, आपल्या मुलाला आपला राग आहे असं धरून. माझ्या पदरी दोन माणसांचं पाप आहे, दादाचं आणि अण्णांचं; लोकांना फक्त दादा माहीत आहे, तोही आपणहून हरवलेला म्हणून.

दादा पुन्हा आला नाही. जिवंत आहे की नाही तेही मला माहीत नाही. मी लग्न केलं नाही, इथल्याच एका शाळेत शिकवलं, याच घरात राहिले. लोक म्हणायचे, आईसाठी राहिली, किती गुणी. मी ऐकून घ्यायचे. कुरडया मी पुन्हा कधी घातल्या नाहीत आणि आईनंही आग्रह केला नाही. आमच्या भोवती शहर वाढलं. मीरा रोडपासून इंद्रलोकपर्यंत टॉवर उभे राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या अगदी समोर एक उभा राहिला. आता आमच्या गॅलरीत सकाळी जेमतेम अर्धा तास ऊन येतं. छतावरचा तो हलता उजेड गेला. मला वाटलं होतं, गेला की बरं वाटेल.

तो टॉवर पुरा झाला त्या सुमाराला आई ऐंशीच्या पुढे होती. कानानं कमी ऐकायची, बाकी ठणठणीत. एका सकाळी ती गोधडी घेऊन दारात उभी राहिली. गोधडी म्हणजे आता नुसतं पांढुरकं कापड होतं.

"गच्चीवर नेऊ या," म्हणाली. "इथं आता कुणाला दिसायची नाही."

बिल्डिंगला लिफ्ट नाही. माझे गुडघे गेलेले, रात्री झोप नाही, आणि रोज दोनदा हे चढउतार मलाच करावं लागणार. माझा तोल गेला. "काय उपयोग आहे आई?" मी मोठ्यानं म्हटलं, तिला ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं. "ती बघून आला होता तो. एकदा आला होता."

आई दाराजवळच्या स्टुलावर बसली. गोधडी मांडीवर.

"कधी?"

"कुरडयांच्या दिवशी. पहिल्याच उन्हाळ्यात." मग मी सगळं सांगितलं, दार, पाणी, ट्रक, चीक, हसणं. एकच सोडून. त्यानं "चीक केलाय?" असं विचारलं होतं, ते मी तिला सांगू शकले नाही. ते इथं पहिल्यांदा लिहितेय.

आईनं गोधडीची घडी उलगडून पुन्हा घातली. मला वाटलं, ऐकूच आलं नसेल. मग म्हणाली, "बांधावरून पळत गेला, तो?"

"हो."

"म्हणजे मी पाहिला त्याला." तिनं गोधडीवरून हात फिरवला. "चांगला पळत होता. पायात जोर होता." मग म्हणाली, "गोधडीवरून ओळखलं म्हणाला ना?"

"हो. तेच पहिलं बोलला."

"काय खाल्लं त्यानं?"

"पाणी प्यायला. दोन पेले."

"नुसतं पाणी," ती म्हणाली. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. रागावली होती असंही नाही. भाजी निवडली, वाढलेलं जेवली, दुपारी पडली. मी घरात वावरत होते आणि ती मला ओरडेल, मारेल, काहीतरी करेल याची वाट बघत होते. चाळीस वर्षं मी त्याचीच वाट बघत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर दार उघडं होतं. आई गोधडी छातीशी धरून जिना चढत होती. मी मागून गेले, म्हटलं, दे इकडे. तिनं दिली नाही. एकेक पायरी, कठड्याला धरून, ती तिसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत पोचली आणि दम खायला थांबली. गच्चीच्या उघड्या दारातून ऊन खाली तिच्या पायापर्यंत आलं होतं. ती माझ्याकडे वळली नाही. समोर बघतच, अगदी रोजच्या आवाजात, मी बाजारातून कोथिंबीर आणायला विसरले असते तर बोलली असती तशी म्हणाली, "वाटी होती गं झाकून ठेवलेली. तेवढी तरी खाली न्यायचीस."

मग तिनं गोधडी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढची पायरी चढली. मी तिच्या मागे दोन पायऱ्या ठेवून चढत राहिले.